डॉ. थॉमस यांचे सहा रुग्ण



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. आज इथं उभा आहे तो माझ्या भाच्यामुळे. आपाचा मुलगा, वय नऊ. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दूल्हाभाईंना सारखी सुट्टी मिळत नाही, म्हणून बऱ्याचदा मीच त्याला घेऊन जातो. सुई लागली की तो मोबाईलवर गेम खेळतो, मी बाजूच्या स्टुलावर वाचत बसतो. तिथंच मी डॉ. ई. डॉनल थॉमस या माणसाबद्दल वाचलं, आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी दोन शब्द बोन मॅरोबद्दल. मराठीत अस्थिमज्जा. शाळेत आम्ही या शब्दाला फार हसायचो. आपण नल्ली चोखून जे खातो, त्याच जातीची ही वस्तू. माणसाच्या कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांत लाल मॅरो असतो आणि तिथं आयुष्यभर रक्त तयार होत राहतं. ल्युकेमियात हा कारखाना बिघडलेल्या पांढऱ्या पेशी काढत सुटतो. थॅलेसेमियात लाल पेशींतलं हिमोग्लोबिन नीट बनतच नाही. बाहेरून रक्त देणं म्हणजे बंद कारखान्याच्या दुकानात उसना माल भरणं. कारखानाच बदलता येईल का, हा थॉमस यांचा प्रश्न होता.

प्रश्न त्यांना एकट्यालाच पडला होता असं नाही. अणुबॉम्बनंतर किरणोत्सर्गाचा अभ्यास जोरात चालू होता. उंदरांना जीवघेणी मात्रा देऊन मग निरोगी उंदराचा मॅरो टोचला, तर ते वाचतात हे दिसलं होतं. थॉमस १९२० साली टेक्सासमधल्या मार्ट नावाच्या लहान गावात जन्मले, वडील गावातलेच डॉक्टर. पन्नाशीच्या दशकात ते न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावच्या इस्पितळात काम करत होते. तिथं त्यांनी हा प्रयोग माणसांवर केला आणि १९५७ साली निबंध छापला. त्यात सहा रुग्ण होते. आधी किरणोपचार किंवा केमोथेरपी, मग दुसऱ्याचा मॅरो शिरेतून. सहापैकी दोघांतच तो थोडा काळ रुजला. शंभर दिवसांपलीकडे कोणीच जगलं नाही.

हे त्यांनी जसं होतं तसं छापलं. आमच्या क्षेत्रात सिस्टिम कोसळली की नंतर काय चुकलं ते लिहून काढतात. मी असे बरेच अहवाल वाचलेत. त्यात चूक बहुतेक वेळा अशा भाषेत लिहिलेली असते की ती कोणाचीच राहत नाही.

पुढची दहा वर्षं वाईट गेली. जगभर बऱ्याच डॉक्टरांनी प्रयत्न केले आणि जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. जुळ्या भावंडांत मॅरो रुजायचा, पण ल्युकेमिया परत यायचा. इतरांत एक तर रुजायचाच नाही, किंवा रुजला तर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करायच्या. त्वचा, आतडी, यकृत. पाहुण्यानं घरमालकावर उलटावं तसं. अनेकांनी हा नाद सोडला.

थॉमस यांनी माणसांवरचे हे प्रयोग थांबवले आणि कुत्र्यांकडे वळले. १९६३ साली ते सिएटलला गेले. एकाच वेतातली पिल्लं घ्यायची, त्यांच्या पेशी कितपत जुळतात ते तपासायचं, मग मॅरो द्यायचा आणि वर मेथोट्रेक्सेट हे औषध. जुळणारी जोडी असली तर कुत्री वर्षानुवर्षं जगू लागली. कुत्र्यांचं वाचताना मला बरं वाटलं नाही, हे सांगून टाकतो. त्या सहा रुग्णांचंही नाही. पण हाती पुरेसं काही नाही हे कळल्यावर जो माणूस थांबतो आणि का थांबलो ते लिहितो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. त्यांच्या पत्नी डॉटी या साऱ्यात बरोबर होत्या. पत्रकारितेचं शिक्षण सोडून त्या प्रयोगशाळेचं काम शिकल्या. दोघांची ओळख कशी झाली? कॉलेजात बर्फ पडला असताना त्यांनी फेकलेला गोळा याला लागला.

१९६९ च्या सुमारास सिएटलमध्ये पुन्हा माणसांवर काम सुरू झालं, आता एचएलए जुळणाऱ्या भावंडांत. एचएलए म्हणजे पेशीवरची ओळखपत्रं. अर्धा संच अम्मीकडून, अर्धा अब्बांकडून, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

१९७७ साली त्यांनी शंभर ल्युकेमिया रुग्णांचा हिशेब छापला. शंभरपैकी तेरा जण रोगमुक्त जगत होते. मी हे वाचलं तेव्हा भाच्याची बाटली निम्मी संपली होती. शंभरात सत्त्याऐंशी अपयशं असती तर माझ्या मॅनेजरनं प्रोजेक्ट कधीच बंद केला असता. पण थॉमस यांच्या गटानं पाहिलं ते वेगळं. हे शंभर जण कोण होते? बाकी सगळे उपाय थकलेले. त्यांच्यातले तेरा जगत असतील, तर तब्येत बरी असताना, आजार पहिल्यांदा आटोक्यात आल्याबरोबर प्रत्यारोपण का करू नये? तसं केलं आणि निम्म्याहून जास्त रुग्ण वाचू लागले. १९९० साली थॉमस यांना जोसेफ मरे यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

डिसेंबर १९८१ मध्ये सिएटलमध्येच थॅलेसेमियाच्या एका बाळाला त्याच्या बहिणीचा मॅरो दिला गेला आणि ते बरं झालं. इटलीत पेसारो इथं ग्विदो लुकारेली यांनी पुढं शेकडो मुलांवर हे केलं. आणि आपल्या मुंबईत? पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले डॉ. सुरेश अडवाणी सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले आणि १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं. एका लहान मुलीला तिच्या भावाचा मॅरो.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. भाच्याला धाकटी बहीण आहे. तिची तपासणी केली. जुळली नाही. आपा रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बसून होती. आता निम्म्या जुळणीवर आई-बापाचा मॅरो घेऊनही प्रत्यारोपण होतं. डॉक्टरांनी धोका आणि खर्च दोन्ही सांगितलेत, घरात अजून बोलणं चालू आहे. दुसरा रस्ता नोंदणीतल्या अनोळखी दात्याचा. एचएलए पूर्वजांकडून येतात, म्हणून जुळणारा माणूस सापडण्याची आशा आपल्यासारख्याच मुळांच्या लोकांत जास्त. जगभरच्या नोंदण्यांत युरोपीय वंशाचेच लोक जास्त आहेत. म्हणजे आपल्या मुलांसाठी शोधायचं तर यादीत आपण असायला हवं.

एक गोष्ट अवघड आहे, पण बोलतो. आपाचं लग्न खालाच्या मुलाशी झालं. दोघंही थॅलेसेमिया मायनर आहेत हे मूल झाल्यावर कळलं. मायनर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघं मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची. नात्यात लग्न केलं की दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. मी कोणाच्या रिश्त्यावर बोलत नाही. लग्नाआधी दोघांची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करा, एवढंच. नाव लांब आहे, तपासणी साधी आहे.

आता नोंदणी. मागच्या टेबलावर किट आहेत. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, झालं. बहुतेकांना कधीच फोन येत नाही. आला तर साधारण पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास यंत्रातून रक्त फिरवून पेशी काढतात, प्लेटलेट देतात तसं. त्या दिवसांत अंग दुखतं, डोकं धरतं. मणक्याला कोणी हात लावत नाही. हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो.

पण एक विनंती. उत्साहात काडी फिरवू नका. दात्यानं हो म्हटल्यावर प्रत्यारोपणाच्या आधी रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी संपवतात. त्यानंतर दाता मागं फिरला तर रुग्णाकडे काहीच उरत नाही. म्हणून ज्यांना घरी विचारायचं आहे त्यांनी आज किट नुसतं घरी न्या, अम्मी-अब्बांशी बोला. मीही बोललो होतो. अम्मीला समजवायला दोन जुमे लागले. तिसऱ्या आठवड्यात तिनंच विचारलं, तुझं ते कापसाचं काम झालं का?