लहान मालक आणि त्याचा पहिला नोकर

शहरांतील रोजगार म्हटला कीं गिरणीचें धुराडें किंवा मोठ्या कचेरीची इमारत डोळ्यांपुढें येते. वस्तुतः असंख्य माणसें ज्या ठिकाणीं राबतात तीं ठिकाणें याहून पुष्कळच लहान असतात. शिंप्याचें दुकान, बेकरी, छापखाना, डॉक्टरांचा दवाखाना, शिकवणीचा वर्ग, मोटारदुरुस्तीची शेड, अशा ठिकाणीं चार, सहा, फार तर आठ माणसें कामास असतात. त्यांना कामास ठेवणारा गृहस्थ स्वतःस मालक म्हणवून घेत नाहीं. तो डॉक्टर असतो, शिक्षक असतो, कारागीर असतो. आणि दुकानांतील गडी त्याच्या दृष्टीनें घरचाच असतो. परंतु ज्या दिवशीं तो दुसऱ्याचे श्रम वेतन देऊन घेऊं लागतो, त्या दिवसापासून तो कायद्याच्या दृष्टीनें मालक होतो. ही गोष्ट त्याच्या ध्यानीं बहुधा तंटा उभा राहिल्यावरच येते.

या बेफिकिरीचें कारण केवळ आळस हें नव्हे. हिंदुस्थानांतील कामगारविषयक कायदा आरंभापासून डोकीं मोजत आला आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता होता. १८९१ सालीं ही संख्या पन्नासावर आली, १९२२ सालीं विसावर. १९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्ति वापरणाऱ्या कारखान्यास दहा आणि न वापरणाऱ्यास वीस अशी मर्यादा घातली. दुकानांच्या बाबतींत मुंबई प्रांतानें १९३९ सालीं स्वतंत्र कायदा करून देशांत पुढाकार घेतला आणि १९४८ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आणला. पुढें महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानें दहांहून कमी माणसांच्या दुकानांस नोंदणीच्या खटाटोपांतून मोकळें करून केवळ सूचना देणें पुरेसें ठरविलें. या साऱ्या आकड्यांचा परिणाम असा झाला कीं, लहान मालक कायद्याच्या हेतूपेक्षां संख्येकडेच अधिक पाहूं लागला. दहावा माणूस ठेवावयाचा नाहीं, ठेवलाच तर हजेरीपटावर घ्यावयाचा नाहीं, एवढें केलें म्हणजे आपण कायद्याच्या बाहेर राहिलों, अशी त्याची समजूत होऊन बसली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजीं केंद्र सरकारनें २९ जुन्या कायद्यांच्या जागीं चार संहिता अमलांत आणल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेवरील सुरक्षितता व आरोग्य हे त्यांचे चार विषय. यांतही संख्येचा हिशेब आहेच. कारखान्याची मर्यादा आतां यंत्रशक्तीसह वीस व तिच्याविना चाळीस अशी झाली आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठीं वीस माणसांची, तर राज्य विमा व ग्रॅच्युइटी यांसाठीं सर्वसाधारणपणें दहा माणसांची अट आहे. यांतील एक बारकावा मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सामाजिक सुरक्षेची तरतूद एकदां लागू झाली कीं पुढें माणसें कमी झालीं म्हणून ती सुटत नाहीं. दहाव्या माणसास काढून टाकल्यानें मागचें दायित्व पुसलें जात नाहीं.

खरा बदल आहे तो वेतनाच्या संहितेंत. तिला संख्येची अटच नाहीं. १९४८ चा किमान वेतनाचा कायदा सरकारी अनुसूचींत नमूद केलेल्या धंद्यांपुरता होता; १९३६ चा वेतनप्रदानाचा कायदा ठराविक रकमेच्या आंतील पगारापुरता होता. नव्या संहितेनें या दोन्ही भिंती काढल्या. दुकानांत एकच नोकर असला तरी त्यास किमान वेतनाहून कमी देतां येत नाहीं. नेमल्या वेळेपेक्षां अधिक काम घेतल्यास त्या वेळेबद्दल दुपटीहून कमी दर चालत नाहीं. मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आंत पोंचला पाहिजे. नोकर स्वतः काम सोडून गेला किंवा त्यास काढून टाकलें, तरी त्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. पुरुष आणि स्त्री यांना सारख्या कामास सारखें वेतन हा नियमही येथें पहिल्या नोकरापासूनच लागू होतो.

परंतु लहान मालकाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें कलम आहे तें पुराव्याचें. वेतन मिळालें नाहीं किंवा कमी मिळालें असा दावा नोकरानें केला, तर तें दिलें हें सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा तीन वर्षांच्या आंत करतां येतो, आणि देणें शाबित झाल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे.

याचा अर्थ एका साध्या उदाहरणानें स्पष्ट होईल. एखादा बेकरीवाला आपल्या माणसांस पगार रोख देतो. सणासुदीस उचल देतो, ती पुढें थोडीथोडी वळती करून घेतो. खाडे तोंडीच मोजले जातात. सही नाहीं, चिठ्ठी नाहीं, कारण विश्वास आहे. दोन वर्षांनीं कांहीं बिनसतें आणि नोकर दावा करतो. बेकरीवाल्यानें प्रत्येक पैसा दिलेला असला तरी दाखविण्यास त्याच्यापाशीं कांहीं नसतें. ज्यानें दिलें आणि ज्यानें बुडविलें, ते दोघेही नोंद नसल्यास एकाच रांगेंत उभे राहतात. पिठाच्या प्रत्येक पोत्याची रोजकीर्दींत नोंद ठेवणारा हाच गृहस्थ माणसाच्या श्रमाची नोंद ठेवीत नाहीं, हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे.

नोंदीचा उपयोग नोकरालाही तितकाच आहे. वेतनचिठ्ठी नसलेल्या माणसास बँक कर्ज देतांना कां कू करते, नवा मालक अनुभव मानीत नाहीं, आणि उचल किती फिटली हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. पगारांतून होणारी एकूण कपात निम्म्यापेक्षां अधिक असूं नये असा नियम आहे. परंतु कपात लिहिलेलीच नसेल तर हा नियम मोडला कीं पाळला हें ठरविणार कसें?

एवढा व्याप लहान धंद्यास झेपेल काय, ही शंका गैर नाहीं. मोठ्या कंपनीपाशीं हिशेबनीस असतात. शिंप्यापाशीं फक्त तो स्वतः असतो. संहितेनें ही अडचण कांहीं अंशीं ओळखली आहे. नियमपालनांतील इतर चुका पहिल्यांदां आढळल्यास खटला भरण्यापूर्वीं ती दुरुस्त करण्याची संधि निरीक्षकानें द्यावयाची आहे. मात्र वेतन कमी देणें या अपराधास ही सवलत नाहीं. कागदाची चूक आणि पोटाची चूक यांत कायद्यानें केलेला हा भेद न्याय्यच आहे.

वेतनापलीकडेही हेंच तत्त्व दिसतें. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसांच्या संस्थेंत अंतर्गत समिति हवी. दहांहून कमी माणसें असल्यास समिति नेमण्याचें बंधन नाहीं. परंतु तेथील स्त्रीची तक्रार जिल्ह्याची स्थानिक समिति ऐकते. म्हणजे संस्था लहान असली तरी तिची दाद लहान होत नाहीं.

तेव्हां लहान मालकानें करावयाचें काम फारसें अवघड नाहीं. नोकर ठेवतांना काम, वेळ आणि वेतन लिहून द्यावें. हजेरी, खाडे आणि उचल यांची वही ठेवावी. पगार शक्य तर बँकेतून द्यावा, रोख दिल्यास सही घ्यावी आणि चिठ्ठी हातीं द्यावी. यास महिन्याकाठीं एखादा तास लागेल. दोन माणसांमधील विश्वास लिहून ठेवल्यानें कमी होत नाहीं. उलट पुढें मतभेद झालाच, तर तो टिकवून धरण्यास हीच वही उपयोगीं पडते.