चार्ज देताना



मुंबईत माहूलवरून जाताना रिफायनरीतल्या उंच चिमणीच्या टोकावरची ज्योत तुम्ही पाहिली असेल. 'एवढा गॅस फुकट कशाला जाळता?' असं आम्हा रिफायनरीतल्या लोकांना हमखास विचारतात. ती फ्लेअर. प्लँटमध्ये कुठे दाब वाढला तर वायू तसाच हवेत सोडणं धोक्याचं, म्हणून तो तिकडे नेऊन जाळायचा.

माहूलला १९५४ आणि १९५५ साली पाठोपाठ दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, भट्टीत साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून कॉलममध्ये सोडतात. वरून नाफ्था, मधून केरोसीन आणि डिझेल, तळाला जड तेल, अशी वाटणी होते. हे काम दिवाळीलाही थांबत नाही, म्हणून तीन पाळ्या. पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय ऑपरेटरला जागा सोडता येत नाही. तो आलाच नाही, तर डबल ड्यूटी!

आमच्यात दोन जाती: पॅनलवाला आणि फील्डवाला. पॅनलवाला एसीत बसून पडद्यावरचे आकडे सांभाळतो. फील्डवाला हेल्मेट चढवून राउंड मारतो. पंप खडखडू लागला तर सक्शन उपाशी आहे, म्हणजे पंपाला पुरेसं तेल मिळत नाही, हे त्याला आवाजावरून कळतं. नाकावर मात्र त्याने विसंबायचं नसतं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजणारा फसतो. म्हणून खिशाला डिटेक्टर.

पडद्यावरच्या आकड्याचंही तसंच. टाकीतली पातळी साठ टक्के दिसते ना? मग फील्डवाल्याने गेज ग्लासपाशी, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेपाशी, जायचं आणि ड्रेन जरासा उघडायचा. काचेतली पातळी उतरली आणि ड्रेन बंद केल्यावर पुन्हा चढली, तर काच खरं बोलते. हललीच नाही, तर नळी चोकअप आहे.

आकडा आणि काच दोन्ही फसले की काय होतं, ते पाहा. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी एक टॉवर चालू करताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरला गेला. पातळी चढत होती आणि पडद्यावरचा आकडा उतरत होता. वरच्या पातळीचा एक अलार्म वाजला नाही. काच इतकी मळलेली, की तिच्यातून काही दिसतच नव्हतं. रात्रपाळीने काय काय भरून ठेवलंय, याची लॉगबुकात जेमतेम एक ओळ होती. स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

तिथे यंत्रं बिघडली होती हे खरं, पण रात्रीची माहिती सकाळपर्यंत धड पोचलीही नव्हती. आपल्याकडे पाळी सुटताना गेटवर बस उभी असते, पाय तिकडे ओढतात आणि पुढच्या पाळीला चार्ज देणं दोन मिनिटांत उरकलं जातं. या कामात येणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे: कुठला पंप स्टँडबायवर आहे, कुठला अलार्म बायपास केलाय, कुठल्या परमिटचं काम अर्धवट राहिलंय आणि कुठल्या आकड्याचा तुम्हाला भरवसा वाटत नाही, हे लॉगबुकात लिहा आणि तोंडानेही सांगा. समोरचा घाईत असला तरी त्याला थांबवून सांगा. पुढचे आठ तास तो तुमच्या शब्दावर प्लँट चालवणार असतो.