आधी काम, मग ओळख



लग्नानंतर मिस्टरांच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं नेदरलँड्समध्ये ब्रेडा या शहरात राहिले. ते सकाळी कामावर गेले की मी आणि चार भिंती. बी. ए. झालेली मी, पण तिथली भाषा येईना, म्हणून दुकानात जायलाही घाबरायची. आईला फोनवर मात्र ‘मजेत आहे’ म्हणून सांगायची.

आमच्या शेजारच्या मावशी झुंडर्ट गावच्या. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचं हे जन्मगाव. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते, 1936 मध्ये सुरू झालेली. गावच्या 20 वाड्या, प्रत्येक वाडीचा एक रथ. फुलं डेलियाची, तीही त्यांनी स्वतः लावलेली. लोखंडी सांगाडा, त्यावर पुठ्ठा आणि कागदाचा लगदा. महिनोन्‌महिने काम चालतं आणि मजुरी कुणीच घेत नाही. फुलं ताजी हवीत, म्हणून ती मात्र शेवटच्या तीन दिवसांत लावतात. एका रथाला लाखो फुलं!

शनिवारी मावशी मला त्यांच्या वाडीच्या मांडवात घेऊन गेल्या. मी दाराशीच अवघडून उभी. एक आजी बाकावर जरा सरकल्या, माझ्यापुढे फुलांचा क्रेट ठेवला आणि हातात छोटी हातोडी दिली. नाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही. फुलाच्या मधोमध खिळा धरायचा आणि पुठ्ठ्यावर ठोकायचा, एवढं करून दाखवलं. माझी पहिली पाच-सहा फुलं वाकडी बसली. त्यांनी हसत माझा हात धरून नीट ठोकायला लावलं. संध्याकाळपर्यंत माझी ओळ त्यांच्या ओळीला जाऊन भिडली. मग कॉफी आली आणि तेव्हा कुठे आजींनी खुणेनं विचारलं, ‘तुझं नाव?’

रविवारी मिस्टरांना घेऊन गेले. भलेमोठे रथ, पण आतली माणसंच ते ढकलत होती. बाहेरून ती दिसतही नव्हती. लोक अख्खा रथ बघत होते, मी माझी केशरी फुलं शोधत होते. निकाल लागला. मी मिस्टरांना म्हटलं, ‘आमच्या वाडीचा नंबर नाही आला हो.’ ते हसले, ‘आमच्या?’ तोंडातून आपसूक गेलं होतं.

2021 मध्ये युनेस्कोनं तिथल्या या मिरवणुकांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला मात्र तो बाकावरचा हातभर सरकणं आठवतं.

आता मी बचत गटांचं काम बघते. बैठकीला नवी सून येते, कोपऱ्यात बसते. आपण सगळ्या तिच्याकडे वळून म्हणतो, ‘ओळख करून दे गं!’ ती आणखीच खाली बघते. आणि पुढच्या बैठकीला येत नाही. मी आता आधी तिला शेजारी बसवते, हप्त्याचे पैसे मोजायला देते, नाहीतर पापडाची पाकिटं भरायला. पाकिटं भरता भरता ती आपणहून बोलते.

तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर या बैठकीला जरा सरकून तिला जागा द्या.