जुन्या जीपचे आवाज

१९४१ ते १९४५ या युद्धकालांत विलीज व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुंबईसहि महिंद्र आणि महिंद्र या कंपनीनें विलीज जीप जुळविण्याचें काम चालविलें. त्या घडणीच्या कित्येक गाड्या अद्याप राबत आहेत. जुनी गाडी आवाज करावयाचीच, असें म्हणून कांहीं मालक स्वस्थ बसतात. कांहीं पहिल्या कुरबुरीलाच गिअरबॉक्स उलगडावयास लावतात. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. वैद्य जसा दुखणें केव्हां उठतें व केव्हां शमतें हें प्रथम विचारतो, तसेंच येथेंहि करावें लागतें.

एंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरबॉक्समध्यें, तेथून ट्रान्स्फर केसमध्यें, आणि पुढील व मागील शाफ्टांवाटे डिफरन्शियलांतून चाकांपर्यंत पोंचते. युद्धकालीन जीपमध्यें चाकाच्या एका फेऱ्यांत शाफ्टाचे ४.८८ फेरे होतात. म्हणून चाकाच्या फेऱ्यास एकच ठोका पडत असेल तर दोष चाकापाशीं शोधावा. पांचेक पडत असतील तर शाफ्टापाशीं.

प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून एंजिन चालू ठेवावें. गिअर न्यूट्रलमध्यें असतांना येणारी घरघर क्लच दाबतांच थांबली, तर बहुधा गिअरबॉक्सच्या आंतील बेअरिंगें झिजलेलीं असतात. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज उमटला तर क्लचचें रिलीज बेअरिंग पाहावें. मग ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्यें ठेवून एकेक गिअर टाकावा. गाडी जागची न हलतां तोच आवाज आला, तर शाफ्ट, डिफरन्शियल व चाकें त्या आवाजापुरतीं निर्दोष ठरतात.

नंतर निर्जन रस्त्यावर ठराविक वेग धरावा. अॅक्सिलरेटर दाबतांना उठणारा हुंकार तो सोडतांच सूर बदलीत असेल, तर डिफरन्शियलचें क्राऊन-पिनियन तपासावें. अॅक्सिलरेटरला न जुमानणारी, पण गाडी वळवितांच कमीअधिक होणारी गुरगुर चाकाच्या बेअरिंगची असते. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो; तेव्हां गुरगुर वाढली तर उजवें चाक आधीं पाहावें. डांबरी रस्ता सोडून मातीवर उतरतांच लोपणारा आवाज बहुधा टायरच्या जाड नक्षीचा असतो.

या जीपच्या पुढील व मागील शाफ्टांमध्यें वेगाचा फरक सामावून घेणारें डिफरन्शियल नाहीं. वळणावर पुढील चाकें अधिक अंतर कापतात. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारहि चाकांना जोर दिल्यास यंत्रणा ताणली जाते, धक्के बसतात आणि दांडी अडकते. हा मोडतोडीचा आवाज नव्हे. गाडी किंचित् मागें घेतली कीं दांडी सुटते. मात्र पुढील जोर काढूनहि आवाज राहिला, म्हणून पुढील अॅक्सल निर्दोष समजूं नये. फ्री-व्हीलिंग हब बसविलेले नसल्यास चाकें त्या शाफ्टास फिरवीतच राहतात.

सर्वांत गंभीर समजावा तो मागील शाफ्टाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा आवाज. गाडी निघतांना ‘खट्’ असा ठोका आणि वेगाबरोबर जलद होणारी चिवचिव, ही त्याची खूण. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, शाफ्टाच्या तोंडाशीं लागतो. जॉइंट तुटला तर हातब्रेकचा मागील चाकांशीं संबंधच उरत नाहीं; पुढील जोर जोडलेला नसेल, तर उतारावर उभी असलेली गाडी निसटते. त्याच प्रकारें मागील एक चाक जॅकवर उचललें कीं डिफरन्शियलमुळें हातब्रेक निष्फळ होतो. म्हणून गाडीखालीं शिरण्यापूर्वीं जमिनीवरील चाकांस दोन्ही बाजूंनीं लाकडी ठोकळे लावावेत. मग एंजिन बंद असतांना शाफ्ट हातानें पिळून पाहावा. क्रॉस खिळखिळा लागला तर गाडी दुरुस्तीवांचून रस्त्यावर आणूं नये.

अखेरीस डिफरन्शियल व गिअरबॉक्समधील तेल काढून पाहावें. धातूचें बारीक चूर्ण ही वयाची झीज होय. कपचे सांपडले तर दांत तुटला आहे. इतकें पाहून मगच मिस्त्रीस बोलवावें. ‘आवाज येतो’ एवढेंच त्याला न सांगतां, तो कोणत्या वेगास, कोणत्या गिअरमध्यें, क्लच दाबतां थांबतो कीं नाहीं, हें सांगितलें म्हणजे काम थोडक्यांत व थोड्या खर्चांत होतें.