‘ड्रूग’ म्हणजे मित्र : ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ वाचताना

सुरुवातीलाच एक सूचना. आजच्या भागात मारहाणीचा आणि लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे. शेजारी लहान भावंडं असतील तर हेडफोन लावा.

आजचं पुस्तक आहे ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’. लेखक अँथनी बर्जेस, साल १९६२. स्टॅन्ली कुब्रिकचा १९७१ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मीसुद्धा आधी सिनेमाच पाहिला, मग पुस्तक घेतलं. आपलं इंग्रजी बरं आहे, असा एक माज होता. तो पहिल्याच पानावर उतरला.

गोष्ट सांगतो ॲलेक्स. वय वर्षं १५. रात्री तीन मित्रांना घेऊन बाहेर पडतो, रस्त्यात सापडेल त्याला बडवतो, घरात घुसून बाईवर बलात्कार करतो. आणि हे सगळं तो आपल्याला सांगतो ते बर्जेसने स्वतः बनवलेल्या बोलीत. तिचं नाव नॅडसॅट. रशियनमध्ये अकरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेवटी जो तुकडा येतो, त्यावरून हे नाव घेतलंय. इंग्रजीतलं ‘टीन’ असतं ना, तेच.

मित्र म्हणजे ड्रूग, दूध म्हणजे मोलोको, रक्त म्हणजे क्रॉव्ही, ठोसा म्हणजे टोलचॉक. बहुतेक शब्द रशियनवरून उचललेले. रशियनमध्ये ‘छान’साठी जो शब्द आहे, तो बर्जेसने इंग्रजी कानाने ऐकला आणि त्याचं केलं ‘हॉररशो’. म्हणजे ॲलेक्सला काही मस्त वाटलं की तो म्हणतो, हॉररशो!

बर्जेसला त्या काळातल्या पोरांची खरी बोली वापरायची नव्हती. ती चार वर्षांत शिळी होते. आज तुम्ही जे शब्द स्टोरीवर टाकता, ते पुढच्या वर्षी तुम्हालाच जुने वाटतील, तसंच. १९६१ मध्ये तो लेनिनग्राडला जाऊन आला होता, रशियन शिकत होता. त्यातून ही बोली तयार झाली. शब्दार्थांची यादी मात्र त्याला पुस्तकात नको होती. तरी अमेरिकेतल्या एका आवृत्तीत ती छापली गेलीच.

मीपण पहिली दहा पानं मोबाईलवर यादी उघडी ठेवून वाचली. मग कंटाळलो आणि तसाच पुढे गेलो. आणि गंमत म्हणजे, तीसेक पानांत शब्द आपोआप कळायला लागले. एकच शब्द चार ठिकाणी भेटला की अर्थ लागतो. लहानपणी आपण भाषा अशीच शिकतो की!

खरा घोळ इथे झाला. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. एक म्हातारा गृहस्थ लायब्ररीतली पुस्तकं घेऊन चाललेला असतो. ही पोरं त्याची पुस्तकं फाडतात, कवळी फोडतात, त्याला रक्तबंबाळ करतात. पुस्तक अर्धं झाल्यावर मी मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा वाचला, बसमध्ये. एकही शब्द अडला नाही. मी चक्क हसलो. खूश झालो, यार, सगळं कळतंय! आणि मग लक्षात आलं, मी कशावर हसतोय. बोली शिकता शिकता मी त्या टोळीत जाऊन बसलो होतो.

आता थोडं माझ्याबद्दल. आमच्या हॉस्टेलवर एक शब्द होता, ‘सर्व्हिसिंग’. ‘आज कोणाची सर्व्हिसिंग?’ म्हणजे रात्री कुठल्या ज्युनिअरला खोलीत बोलवायचं. मी कधी हात उचलला नाही. मी दारात उभा राहून हसायचो. त्यातला एक मुलगा पहिल्या सेमिस्टरनंतर निघून गेला. वडील येऊन घेऊन गेले. आम्ही म्हणालो, ‘गाडी गॅरेजला गेली.’ पुन्हा हसलो. ‘मारहाण’ हा शब्द कोणीच उच्चारला नाही. उच्चारला असता तर इतकं हसता आलं नसतं.

पुस्तकात पुढे ॲलेक्स तुरुंगात जातो आणि सरकार त्याच्यावर एक प्रयोग करतं. औषध टोचायचं, डोळे ताणून उघडे ठेवायचे आणि हिंसेच्या फिल्म दाखवायच्या. शेवटी मारामारीच्या नुसत्या विचारानेही त्याला मळमळतं. त्या फिल्मना बेथोव्हनचं संगीत लावलेलं असतं, त्यामुळे त्याचं लाडकं संगीतही जातं. आणि याला सरकार काय म्हणतं? उपचार! पोरांकडे त्यांचे शब्द, साहेबांकडे त्यांचे. काम दोन्हींचं एकच. समोरच्याचं दुखणं दिसू द्यायचं नाही.

वाचणार असाल तर २१ प्रकरणांची आवृत्ती घ्या. अमेरिकेत १९८६ पर्यंत शेवटचं प्रकरण गाळूनच पुस्तक छापलं जायचं, आणि सिनेमाही त्याशिवायच संपतो. त्या प्रकरणात ॲलेक्सला मारामारीचा कंटाळा येतो, आपलंही घर असावं, मूल असावं असं वाटायला लागतं. काहींना हा शेवट गोड वाटतो. मला नाही वाटला. कारण तो मोठा होतो, पण ज्यांना मारलं त्यांची माफी मागत नाही. तरुणपण होतं, संपलं, एवढंच.

मीपण तसाच मोठा झालो होतो. मागच्या महिन्यात त्या मुलाचा नंबर शोधला आणि मेसेज केला. ‘सर्व्हिसिंग’ हा शब्द तीनदा टाइप केला, तीनदा खोडला. शेवटी लिहिलं, ‘ते तुला मारायचे आणि मी दारात उभा राहून हसायचो. चुकलो.’ दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही आलं. त्याने ते द्यायलाच हवं असंही नाही.

तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा शब्द असेल. आज एकदा त्याचा साध्या मराठीत अर्थ सांगून बघा, मोठ्याने. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.