काटकसरीचा पैसा ठेवावा कोठे?

केळीचा भाव कोसळला की रावेरच्या घराघरांत तेला-साखरेचा हिशेब आवळला जातो. ती काटकसर भगिनीवर्गास मी काय शिकवावी! परंतु डाळीत वाचविलेला पैसा ठेवावयाचा कोठे, हे बहुधा पुरुषमंडळीच ठरवितात, आणि तेही पारावर बसून. अधिक व्याजाच्या मोहाने आपल्या जिल्ह्यातील अनेक पतसंस्थांत ठेवी अडकल्या. कोणाचे लग्नकार्य, कोणाचे औषधपाणी खोळंबले. बँकेतील, सहकारी बँकेतीलही, ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारास दर बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. पाट्या मात्र दोहोंच्या सारख्याच झळकतात! तेव्हा पावती घेण्यापूर्वी गृहिणीनेच स्पष्ट विचारावे, ही बँक की पतसंस्था?