पोकलेन थांबलं; पण सेन्सर गेला, हे कशावरून?



उन्हाळा तापला की आपल्या नांदेड-लातूरकडं तळ्यातला गाळ काढायची घाई सुरू होते. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. पुढं 2017 मध्ये राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. गाळ निघाला की तळं खोल होतं, आणि तोच गाळ हलक्या रानात पडला की रान ओल धरतं. म्हणून आता बचत गटाच्या बैठकीतही पोकलेनच्या भाड्याचा विषय निघतो. आज त्याच पोकलेनबद्दल बोलू.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गटातल्या बायांनी मिळून पाझर तलावातला गाळ आपापल्या रानात टाकायचं ठरवलं. पोकलेन तासावर, ट्रॅक्टर दिवसावर. तिसऱ्या दिवशी सकाळीच मशीनच्या पडद्यावर दिवा लागला, खाली एक आकडा आला आणि इंजिन जोर धरेना. ऑपरेटर म्हणाला, “ताई, सेन्सर गेला. नवा मागवावा लागंल, दोन दिवस तर जातीलच.” दुरुस्ती मालकाची, हे खरं. पण उभ्या ट्रॅक्टरांचं भाडं आमच्या अंगावर, आणि मिरग दहा-बारा दिवसांवर आलेला.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, “दादा, सेन्सरच गेला, हे कशावरून?”

प्रश्न साधाच होता. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर आपण लगेच मोटार जळाली म्हणतो का? आधी लाईट बघतो, मग फ्यूज, स्टार्टर, केबल. मोटार वर काढायची ती सगळ्यात शेवटी. इंजिनाचंही तसंच आहे. सेन्सर म्हणजे इंजिनाची खबर देणारा. पाणी किती तापलं, ऑईलचा दाब किती, हे तो वायरीतून मशीनच्या कॉम्प्युटरला कळवतो. पडद्यावरचा आकडा एवढंच सांगतो, की या वाटेवरची खबर नीट येत नाही. त्या वाटेवर तीन गोष्टी असतात: सेन्सर, वायर आणि कॉम्प्युटर. बिघाड कशात आहे, ते आकडा सांगत नाही. ते तपासावं लागतं.

दुपारी तालुक्याहून वायरिंगचं काम करणारे भाऊ आले. आम्ही बाजूला उभं राहून सगळं विचारलं आणि बैठकीच्या वहीत लिहून घेतलं.

आकडा इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा होता. त्यांनी आधी इंजिन खरंच तापलंय का ते बघितलं. इंजिन थंड होऊ दिलं, मग पाणी, पट्टा आणि ऑईल तपासलं. सगळं ठीक होतं. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, असंही त्यांनी बजावलं.

मग सेन्सरचा प्लग काढला. या सेन्सरला दोन वायरी. एकीतून कॉम्प्युटर 5 व्होल्ट पाठवतो, दुसरी परतीची. पाणी तापेल तसा सेन्सरचा अडथळा कमी होतो आणि त्या 5 व्होल्टमधले व्होल्ट उतरतात. त्यावरून कॉम्प्युटर तापमान ओळखतो. चावी चालू, इंजिन बंद ठेवून भाऊंनी प्लगच्या दोन पिनांना मीटर लावला. तिथं 5 व्होल्ट दिसायला हवे होते, मीटरवर शून्य. म्हणजे सेन्सर बाजूला काढलेला असूनही बिघाड तसाच होता. नवा सेन्सर बसवला असता तरी मशीन तसंच राहिलं असतं.

मग मीटरची काळी वायर त्यांनी पिनेवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. लगेच 5 व्होल्ट दिसले. याचा अर्थ जाणारी वायर चांगली, परतीची तुटलेली. वायरींचा जुडगा हातानं चाचपत गेले, तर एका पत्तीजवळ क्लिप निसटलेली. तिथं घासून घासून परतीची वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक मात्र जवळजवळ शाबूत. त्यांनी डाग देऊन जोड केला, वर नळी चढवली आणि जुडगा रबर घालून बांधला. दिवस मावळायच्या आत बकेट पुन्हा चालू.

मैत्रिणींनो, मीटर आपण धरायचा नाही, ते माहितगाराचं काम. पण तीन प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. पडद्यावर आकडा कोणता आला? प्लग काढून 5 व्होल्ट मोजले का? वायर हलवून, ओढून बघितली का? या तिन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय नव्या सेन्सरची वाट बघत बसू नका. मात्र ऑईलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर वायरचाच दोष असेल असं धरून मशीन चालवू देऊ नका. इंजिन लगेच बंद, मग तपास.

वायरी खराब का होतात, तेही लिहून ठेवलंय. मशीन महिनोन्‌महिने उभं राहिलं की उंदीर वायरी कुरतडतात. धुताना प्लगवर जोराच्या पाण्याचा फवारा मारला की आत ओल शिरते आणि पिनांवर हिरवा गंज चढतो. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नाही, तर कॉम्प्युटरलाही धोका.

या वर्षी भाडं ठरवताना आम्ही दोन ओळी कागदावर घेतल्या. एक, रोज काम सुरू होताना आणि संपताना मशीनच्या तासमीटरचा आकडा वहीत लिहायचा, दोघांच्या सह्या. दोन, मशीनच्या बिघाडानं काम थांबलं, तर त्या वेळचं ट्रॅक्टरचं भाडं कुणी द्यायचं, हे आधीच ठरवायचं. मालकानं सुरुवातीला कुरकुर केली, पण निम्मं-निम्मं मान्य केलं. तुमच्या गटानंही मशीन तळ्यात उतरायच्या आधी या दोन ओळी लिहून घ्या. मशीन बंद पडल्यावर लिहायला बसलं, तर कुणी सही करत नाही.